बिलाल यांच्या विहिरीबाबत

अर्ज लिहिणाऱ्याने स्वतःविषयी काही लिहू नये, असा आमच्या धंद्यातील दंडक आहे. आपण दुसऱ्याचे तोंड असतो. तोंडाने स्वतःची कैफियत मांडू नये. हा दंडक मी तीस वर्षे पाळला. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. तथापि सौदीत अल खफजीपासून धाहरानपर्यंत ज्यांना इकामा हा राहण्याचा परवाना अडल्यामुळे, कफील हा जामीनदार मालक रुसल्यामुळे किंवा रजा नाकारल्यामुळे सरकारदारी जावे लागले, त्यांपैकी कित्येकांचे नशीब माझ्या वाक्यांवर तोलले गेले आहे. अबकैकच्या प्रकल्पातील पुण्याचे इंजिनियर, जे इंग्रजीत पन्नास पानी अहवाल सहज लिहितात, तेही जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट कचेरीच्या खिडकीपुढे गडबडतात आणि मग माझे दुकान विचारत येतात. हा अभिमान मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ याच अभिमानात आहे.

मी एकोणीस वर्षांचा असताना दाभोळच्या खाडीकाठचे आमचे गाव सोडून खफजीला चाचांच्या घरी आलो. दोन खोल्यांचे ते घर समुद्राच्या इतके जवळ होते की भरतीच्या दिवसांत भिंतींना मिठाची बुरशी चढे आणि चाची दर शुक्रवारी ती ओल्या फडक्याने पुसून काढी. खिडकीतील एसी दिवसभर घुरघुरत असे, आणि तो थांबला की एकदम कळे, बाहेर वारा केवढा आहे ते. उत्तरेकडून वाळू येई. ती ताटात, बिछान्यात, दातांखाली सापडे. चाची बाजारातून झुबैदी आणी, जिला आपण पापलेट म्हणतो, आणि नारळ मिळत नसल्यामुळे डब्यातल्या दुधात तिचे कालवण करी. प्रत्येक वेळी म्हणे, "ह्या डब्याला नारळाची सर नाय रे बाबा. जीभ फसवायची झाली, एवढंच." भाकरी मात्र तांदळाचीच, आणि ईदेला सांदण. चाचीला मूलबाळ नव्हते. घरी येणारा कोणीही, मग तो प्लंबर असो की पोलीस, तिच्या लेखी उपाशीच असे.

चाचांचे दुकान जवाजातच्या समोरील गल्लीत होते. तिथे मी अरबी टाइपरायटर शिकलो. त्याचा गाडा आपल्या सवयीच्या उलट दिशेने सरकतो. पहिले दोन महिने प्रत्येक ओळीच्या शेवटी माझा हात चुकीच्या बाजूला जाई आणि चाचा हसत. गावच्या मदरशातील अरबी आणि दुकानातील अरबी यांत जमीनअस्मानाचा फरक होता, पण मी झपाट्याने शिकलो. वर्षभरात चाचांच्या गिऱ्हाइकांपैकी निम्मे "तो पोरगा कुठाय?" असे विचारू लागले. अर्ज कसा असावा हे चाचांनी मला एका प्रसंगातून शिकवले. चिपळूणकडील एका प्लंबराने हट्टाने लिहून घेतले होते की, होय, मी कफीलाला न सांगता दुसरीकडे काम केले, माझी चूक झाली, मला माफ करावे. आठ दिवसांत तो मुंबईच्या विमानात होता. चाचा मला म्हणाले, "अर्जदाराच्या तोंडचा गुन्हा कागदावर आला की तो कागद अर्जदाराचा राहत नाही. कबुली कधी उतरवायची नाही. माणूस रडेल, पाया पडेल, तरी नाही. 'परिस्थितीवश' असे लिहायचे. आणि शेवटी ज्याचे ज्याचे नाव आले असेल, त्याचे त्याचे आभार मानायचे. आभाराने कोणाचे नुकसान होत नाही."

आणखी एक रीत होती. गिऱ्हाईक मलबारी, बंगाली, नेपाळी. कागदावरची अरबी कोणालाच कळत नसे. म्हणून सही घेण्यापूर्वी आम्ही त्यांना मसुदा नव्हे, आशय ऐकवत असू. कागदावर नजर ठेवून त्यांनीच सांगितलेले त्यांना हिंदीत परत सांगायचे. ते मान डोलावीत, समाधानाने सही करीत आणि काम होई. यात खोटेपणा आहे असे मला तेव्हा कधी वाटले नाही.

कप्तान वेर्नाल हे आमच्या गल्लीच्या टोकाला राहत. सत्तरीचे फ्रेंच गृहस्थ, उंच, वाळलेल्या शेंगेसारखे. उन्हाने भाजून त्यांच्या कातडीला असा रंग आला होता की परक्याने त्यांना सिरियाकडचे अरब समजावे. तरुणपणी ते सहाराच्या वाळवंटात फ्रेंच फौजेच्या उंटदळात होते. तिथली नकाशावर कोरी असलेली जागा त्यांनी तीन वर्षे पायी आणि उंटावरून फिरून भरून काढली होती. फौज सुटल्यावर तेल शोधणाऱ्या एका कंत्राटदाराने त्यांना वाळवंटाचे जाणकार म्हणून इकडे आणले. कंत्राट संपले, पण ते राहिले. त्यांचा कफील अबू मुतलक हा वाळवंटात भटकलेला जुना बदू होता. दोघे संध्याकाळी गावाबाहेर जाऊन उंटांच्या पावलांचे ठसे पाहत आणि हा उंट कोणाचा, यावर पैज लावून भांडत. कप्तान एसी लावत नसत आणि खुर्चीवर बसत नसत. त्यांची अरबी मगरिबकडली, म्हणजे उत्तर आफ्रिकेतली; आमची चाची हसून म्हणे, "हा म्हातारा अरबी बोलतो का खडे चावतो?"

असरच्या नमाजानंतर ते आमच्याकडे येऊ लागले ते चाचीच्या घावनांमुळे. घावन दुमडून चहात बुडवीत आणि म्हणत, "बानू, माझ्या आईच्या गावी अगदी असेच करतात, फक्त त्यात दळभद्री गहू घालतात." चाचीला त्यांनी बानू म्हणणे चाचांना आवडत नसे, चाचीला आवडे. मला ते कातिब, म्हणजे लेखक म्हणत. त्या एका शब्दासाठी मी त्यांच्यापुढे तासन्‌तास बसे. घरचे मला शौकत म्हणत, दुकानात पोरगा म्हणत. कातिब म्हणणारे ते एकटेच.

एका दिवशी ते घावन न खाताच बसले. अबू मुतलकची जेद्द्यातील एका कापडवाल्याशी ओळख झाली होती. सिदी अहमद नावाचा तो मनुष्य सहाराच्या त्याच भागातला, जिथे कप्तान फिरले होते. कप्तानांनी त्याच्याकडे बिलाल नावाच्या वाटाड्याची चौकशी केली होती, आणि उत्तर आले होते.

"बिलाल मेला," ते म्हणाले. "ते मला ठाऊक होते. पण त्याच्या घराला अजून 'पाणी विकणाऱ्याचे घर' म्हणतात. चाळीस वर्षे झाली, कातिब. त्याची नात लग्नाची आहे. एक घर मागणी घालायला तयार झाले आहे, पण जमातीचे म्हातारे अडून बसलेत."

मग त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या मराठीत उतरवतो. त्या कोऱ्या प्रदेशाच्या मधोमध बिलाल यांच्या जमातीची एक विहीर होती. दगडाने झाकलेली, वाळूने लिंपलेली. जमातीबाहेरच्या कोणालाही ती ठाऊक नव्हती, कारण तिचे पाणी थोडे होते आणि त्यांचे जगणे तेवढ्यावरच होते. कप्तानांची तुकडी तहानेने मरायला टेकली असताना बिलाल यांनी त्यांना तिथे नेले. आधी शपथ घ्यायला लावली की ही जागा नकाशावर यायची नाही. कप्तानांनी हात वर करून शपथ घेतली, पाणी प्याले, जगले. आणि परतल्यावर नकाशा काढताना त्यांच्या हाताने तिथे टिंब दिले. टिंबाला त्यांचेच नाव मिळाले. पदकही मिळाले. पुढच्या हिवाळ्यात दुसरी एक मोठी तुकडी शेकडो उंट घेऊन त्या टिंबावर उतरली आणि विहीर तळापर्यंत उपसून गेली. जमात उठली, विखुरली. परक्यांना वाट कोणी दाखवली, हे सर्वांना माहीत होते. शपथेचे कोणालाच माहीत नव्हते.

"मला माफी नको," कप्तान म्हणाले. "माझे कातडे जाड आहे. तू एवढेच लिही की बिलालने विहीर विकली नाही. त्याने मरणाऱ्याला पाणी पाजले. शपथ मी मोडली. मी. हे माझ्या सहीने तिथे वाचले गेले पाहिजे. अबू मुतलक हजला चालला आहे, तो सिदी अहमदच्या हाती देईल."

स्वयंपाकघराच्या पडद्याआडून चाची म्हणाली, "शौकत, नीट लिही हो. पोरीच्या लग्नाचं हाय."

मी नीट लिहिले. माझ्या तोवरच्या आयुष्यात इतके नीट मी काहीच लिहिले नव्हते. दोन दिवस मी तो कागद घडवीत होतो. प्रारंभी कप्तानांची सेवा, त्यांचे शौर्य, वाळवंटातील जनतेविषयी त्यांना वाटणारा आदर. अर्जदार प्रथम उभा करावा लागतो. त्यानंतर कबुलीचे वाक्य आले आणि माझा हात थांबला. चिपळूणचा प्लंबर डोळ्यांपुढे आला. एवढा मोठा माणूस, ज्याने मला कातिब म्हटले, त्याच्या तोंडी मी 'मी शपथ मोडली' हे घालू? आणि ते पत्र उद्या कोणा अंमलदाराच्या हाती पडले तर? मी लिहिले: 'परिस्थितीवश सदर विहिरीची नोंद नकाशात झाली.' कोणी केली, हे त्या वाक्यातून इतक्या सफाईने निसटले होते की मी स्वतःवर खूश झालो. शपथेचा उल्लेख मी गाळला, कारण शपथ आली की मोडणारा येतो. आणि शेवटी, रीतीप्रमाणे, आभार: 'विहिरीचे स्थान दाखवून मोहिमेस बहुमोल सहकार्य केल्याबद्दल मरहूम बिलाल यांचे अर्जदार अंतःकरणपूर्वक आभार मानतात.'

त्या वेळी ते मला मसुद्यातील सर्वांत सुंदर वाक्य वाटले होते.

कप्तानांना अरबी बोलता येई, वाचता येत नसे. सहीच्या वेळी मी कागद हातात धरला आणि आशय ऐकवला. त्यांनीच सांगितलेले शब्द, त्यांच्याच क्रमाने: बिलालने विकली नाही, शपथ मी मोडली, मी. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "तू काहीच सजवले नाहीस. शाबास." आणि सही केली.

पाच-सहा महिन्यांनी उत्तर आले. अबू मुतलकने पाकीट आणले. त्यालाही अक्षर येत नव्हते. असर होऊन गेली होती, चाची कोलंबी तळत होती, कप्तान नेहमीप्रमाणे जमिनीवर बसले होते. पाकीट फोडले तेव्हा मला खरोखर वाटत होते की माझ्या लेखणीची तारीफ येणार.

पत्र आखूड होते. आपले पत्र सर्व जमातीसमोर वाचले गेले. बिलालने परक्यांना विहीर दाखवली असे आमचे वडीलधारे सांगत, त्यास आपल्या सहीने दुजोरा मिळाला व जुना वाद मिटला. मागणी घालणाऱ्या घराने आपला शब्द परत घेतला आहे. अल्लाह आपणास सत्याचा मोबदला देवो.

"वाच ना," अबू मुतलक म्हणाला. "यल्ला. तुझी जीभ कुणी नेली?"

कप्तान माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी कागदावर नजर ठेवली आणि आशय ऐकवला. फरक एवढाच की या वेळी तो आशय कागदात कुठेच नव्हता. म्हणालो, पत्र सर्वांसमोर वाचले, बिलाल यांचे नाव धुऊन निघाले, म्हातारे रडले, आणि खजुराच्या हंगामानंतर मुलीचे लग्न आहे. म्हातारे रडले हे मी का घातले, मला सांगता येणार नाही. हाताला सवय होती.

कप्तानांनी विचारले, "मुलीचे नाव लिहिले आहे?"

"मरियम," मी म्हणालो.

"मरियम," ते म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले, आणि अबू मुतलक, ज्याला मी कधी कोणाला हात लावताना पाहिले नव्हते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. चाची पडद्याबाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होते. ती आत गेली आणि फडक्यात गुंडाळलेला हिरव्या काचेच्या बांगड्यांचा जोड घेऊन आली. "ह्यो पाठव तिला. आमच्याकडे नवरीच्या हातात हिरवाच चुडा असतो म्हणावं." तो चुडा तिने गावाहून आणून जपून ठेवला होता, कोणासाठी, हे मी तिला कधी विचारले नाही. मी पार्सल बांधले. पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. आणि पोस्टाच्या वाटेवर, मासळीबाजारामागे, ते कचऱ्याच्या पिंपात टाकले. काच फुटल्याचा आवाज आला.

त्या रात्रीपासून मी खरे सांगायचे ठरवत होतो. एक सोपा उपाय दिसत होता: दुसरे पत्र लिहावे, जसे कप्तानांनी सांगितले होते तसे. पण त्यावर त्यांची सही घ्यायची तर पहिल्याचे काय झाले ते सांगावे लागणार. सही मी हुबेहूब करू शकलो असतो. त्या कामात माझा हात कोणाला हार जाणारा नव्हता. परंतु खोट्या पत्राला त्यांची खरी सही मिळाली होती आणि खऱ्या पत्राला मी खोटी सही देणार, हे मला त्याही वयात सहन झाले नाही. तिसरा उपाय माझ्या स्वतःच्या सहीचा होता. तो मला दिसलाच नाही, असे मी पुष्कळ वर्षे म्हणत आलो. दिसला होता. तो केला असता तर चाचा, अबू मुतलक, जवाजातसमोरची सगळी गल्ली, यांना कळले असते की कातिबाने काय केले.

पुढच्या थंडीत कप्तान आजारी पडले. चाची रोज पेज करून पाठवी. मी ती नेऊन देई. शेवटच्या आठवड्यात त्यांना बोलणे जड जात होते. मी चमचा धरलेला असताना ते म्हणाले, "कातिब, मरियमला काही मूलबाळ?"

"झालेय," मी म्हणालो. "मुलगा. नाव बिलाल ठेवले."

ते हसले. इतका निश्चिंत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आजही मला ठरवता येत नाही की त्या क्षणी मी त्यांच्यावर दया केली की त्यांची अखेरची लूट केली. ते गेल्यावर वकिलातीचे लोक येऊन त्यांना घेऊन गेले. अबू मुतलक मला म्हणाला, "तुझ्यामुळे सुखाने मेला." मी मान खाली घातली, त्याला तो विनय वाटला.

चाचा गेले, दुकान माझे झाले. टाइपरायटर गेला, संगणक आला, आता तर अर्ज मोबाइलवरूनच भरतात आणि माझ्याकडे येतात ते फक्त अडलेले. चाची मागल्या वर्षी गावी वारली. फोनवर तिने शेवटपर्यंत दोनदा तरी विचारले असेल, "त्या पोरीला चुडा बसला का रे?" ती नात आज पन्नाशीला, म्हणजे माझ्याच वयाला आली असेल. तिचे लग्न झाले की नाही, मला ठाऊक नाही. माझी स्वतःची मुलगी आता लग्नाची झाली आहे, आणि तिच्यासाठी पहिले स्थळ आले त्या दिवशी मी जेवू शकलो नाही.

मी माझ्या कबुलीचा मसुदा करायला बसलो. आठ कागद झाले. माझी मुलगी, जी इंडियन स्कूलमध्ये शिकली आणि मला उत्तर हिंदीतच देते, तिने मागून वाकून विचारले, "अब्बा, ये परिस्थितीवश क्या होता है?" मी अरबी मजकुराचे मराठी करून पाहत होतो, आणि तो शब्द पुन्हा आला होता. मी तिला सारे सांगितले. तिने हसायला हवे होते किंवा रागवायला. ती एवढेच म्हणाली, "इतना घुमा के क्यों लिख रहे हो? लिखो ना, मैंने किया."

मी तसे लिहिले. चार ओळी: बिलाल यांनी शपथेवर विहीर दाखवली. शपथ कप्तानाने मोडली. त्याने ती कबुली मला सांगितली. मी ती लिहिली नाही. खाली माझी सही. सिदी अहमद वारले आहेत, पण जेद्द्यातील दुकान त्यांचा मुलगा चालवतो. त्याचा नंबर मिळवून मी कागदाचा फोटो पाठवला. नऊ दिवसांनी त्याचा फोन आला. तो शांतपणे बोलला.

"तुमचा कागद मी तिकडे पाठवला. पाणी विकणाऱ्याच्या घरात एक बाई आहे, तिने तो दुसऱ्याकडून वाचून घेतला. तिचे म्हणणे असे की आमच्याकडे याआधीही एक कागद आला होता. कागदावर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. ज्याने लिहिले त्याने यावे, लोकांसमोर उभे राहावे आणि तोंडाने सांगावे."

"मी?" मी विचारले.

"सही तुमचीच आहे ना?"

बिलाल यांच्या देशाच्या व्हिसाचा अर्ज माझ्यासमोर आहे. असे अर्ज मी दुसऱ्यांसाठी हजारदा भरले आहेत. 'प्रवासाचे कारण' या रकान्यात मी सर्वांना 'भेट' लिहायला सांगतो; तो शब्द कोणाला खटकत नाही. मुलगी म्हणते, दुसरे काही लिहिले तर नाकारतील. नाकारतील, हे तिच्यापेक्षा मला अधिक ठाऊक आहे. मी लिहिले: 'एका घराला मी बेअब्रू केले, ते त्यांच्या लोकांसमोर कबूल करण्यासाठी.' मग मुलीला जवळ बोलावले, आणि आशय नव्हे, लिहिले होते ते शब्दाला शब्द वाचून दाखवले.